साचा आधी की माल आधी?

नव्या मोबाइल प्रणाली, प्रोग्रामरची हत्यारे आणि उपनगरातील आपला गल्ला

२०२२ सालच्या दिवाळीच्या आधीचा शनिवार. घाटकोपर पश्चिमेला तयार कपड्यांचा धंदा करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माल होता, गिऱ्हाईक होते, गल्ल्यावर दोन माणसे होती. फक्त बिल निघत नव्हते. मोबाइलवरचे बिलिंगचे अ‍ॅप उघडत होते, आकडे बरोबर येत होते, पण छपाईचे बटण दाबले की अ‍ॅप जागच्या जागी बंद पडत होते. छोट्या थर्मल प्रिंटरचा रोल बदलून पाहिला. शेजारच्या दुकानातून दुसरा प्रिंटर आणून पाहिला. तेच. अखेर पोटमाळ्यावरून कार्बनचे जुने बिलबुक काढले आणि रात्री अकरापर्यंत हाताने बिले फाडली. बिलाशिवाय कपडा बदलून मिळत नाही हे ठाऊक असल्याने कितीतरी गिऱ्हाइके रांग बघूनच परत गेली. त्या रात्री गल्ल्याचा आणि बिलांचा मेळही बसला नाही.

अ‍ॅप बनवून देणारा तरुण ओळखीतलाच, जोगेश्वरीचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो धावत आला आणि खरे ते सांगून मोकळा झाला. "चाचा, १ नोव्हेंबरची मुदत होती. त्याआधी अ‍ॅप नव्या नियमात बसवून चढवायचे होते. माझ्या जुन्या फोनवर छपाई होत होती. तुमच्यासारखा नवा फोन माझ्याकडे तपासायला नव्हता."

पोरगा प्रामाणिक होता आणि कामातही कच्चा नव्हता. मग चुकले कोठे? या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही ज्या विषयाशी येऊन पोहोचलो, तो आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना दूरचा वाटेल. पण त्याचा परिणाम थेट गल्ल्यावर होतो. हा विषय आहे वेळेचा. मोबाइलची नवी प्रणाली कधी येते, तिच्यासाठी अ‍ॅप बनविण्याची हत्यारे प्रोग्रामरच्या हातात कधी पडतात, आणि या दोन तारखांमधल्या फटीत कोणाचे बोट सापडते?

गाळ्यातील उदाहरण

साकीनाका किंवा मरोळच्या गाळ्यांत जॉबवर्क करणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. मोठ्या कंपनीने पंख्याचे नवे मॉडेल काढायचे ठरविले, तर तिने ड्रॉइंग आधी द्यायला हवे. ड्रॉइंग मिळाले की डाय बनते, डाय बनली की नमुना निघतो, नमुना पास झाला की माल सुटतो. कंपनीने मॉडेल आधी बाजारात आणले आणि ड्रॉइंग मागाहून दिले, तर गाळेवाला रात्रभर मशिन चालवील, पण माल खरवडलेलाच निघेल. शिव्या मात्र त्यालाच बसतील.

मोबाइलचेही असेच आहे. फोन ज्याच्यावर चालतो ती प्रणाली, म्हणजे अँड्रॉइड किंवा आयफोनची आयओएस, हे झाले नवे मॉडेल. गूगलचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि अ‍ॅपलचा एक्सकोड ही प्रोग्रामरची हत्यारे. ड्रॉइंग आणि डाय त्यांतच आले. आपले बिलिंगचे, उधारीचे किंवा ऑर्डर घेण्याचे अ‍ॅप हा त्यातून निघणारा माल. हत्यार आधी की प्रणाली आधी, यावर मालाचा दर्जा ठरतो.

दोन कंपन्या, दोन रिती

या धंद्याच्या जन्मापासूनच दोन रिती दिसतात. अ‍ॅपलचा पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ रोजी विक्रीस आला. त्या वेळी बाहेरच्या प्रोग्रामरला त्याच्यासाठी अ‍ॅप बनविण्याची सोयच नव्हती. हत्यारे जाहीर झाली ६ मार्च २००८ रोजी, म्हणजे आठ महिन्यांनी. आणि अ‍ॅपचे दुकान उघडले जुलै २००८ मध्ये, सुमारे ५०० अ‍ॅप घेऊन. आधी माल, मग साचा.

गूगलने उलट केले. अँड्रॉइडची हत्यारे नोव्हेंबर २००७ मध्येच खुली केली आणि चांगली अ‍ॅप बनविणाऱ्यांसाठी १ कोटी डॉलरची बक्षिसे ठेवली. अँड्रॉइडचा पहिला फोन अमेरिकेच्या बाजारात आला तो ऑक्टोबर २००८ मध्ये. हत्यार हातात पडल्यापासून फोन येईपर्यंत जवळजवळ ११ महिने मिळाले. आधी साचा, मग माल.

आज दोन्ही कंपन्या बऱ्याच शहाण्या झाल्या आहेत. अ‍ॅपल दरवर्षी जूनमधल्या मेळाव्यात नव्या आयओएसचा आणि एक्सकोडचा कच्चा नमुना देते व पक्की प्रणाली सप्टेंबरमध्ये सोडते. गूगलही नव्या अँड्रॉइडचा नमुना कित्येक महिने आधी देते. अँड्रॉइड १६ चा पहिला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आणि पक्की प्रणाली १० जून २०२५ रोजी. मागील काही वर्षे ती ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान येत असे. या वेळी तारीख अलीकडे आली. म्हणजे वेळापत्रक दगडावरची रेघ नाही. ते बदलते, आणि ते ठरविणारा कॅलिफोर्नियात बसलेला असतो. त्याला ना आपली ईद ठाऊक, ना घाटकोपरची दिवाळी.

एका दिवसाची मुदत

घाई झाली की काय होते, याचा दाखला २०२० चा आहे. १५ सप्टेंबरच्या कार्यक्रमात अ‍ॅपलने जाहीर केले की आयओएस १४ उद्याच येणार. एक्सकोडची शेवटची पक्की आवृत्तीही प्रोग्रामरना त्याच दिवशी मिळाली. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, कार्यक्रम १० सप्टेंबरला आणि प्रणाली १९ ला, असे नऊ दिवस मिळाले होते. नऊ दिवसांत तपासणी होते, चूक सापडते, दुरुस्त अ‍ॅप मंजुरीसाठी जाते. एका दिवसात यातले काय होणार? जगभरच्या प्रोग्रामरनी नाराजी व्यक्त केली. पुढच्या वर्षी कार्यक्रम १४ सप्टेंबरला आणि प्रणाली २० ला आली; पुन्हा काही दिवसांचा श्वास मिळाला.

मोठ्या कंपनीकडे शंभर प्रोग्रामर असतात. ती एक रात्र जागून काम उरकते. मालाड-मालवणीत एका खोलीत एकट्याने तीन दुकानांची अ‍ॅप सांभाळणाऱ्या मुलाकडे काय असते? त्यातून एक्सकोड फक्त अ‍ॅपलच्या मॅक संगणकावर चालतो आणि नवा एक्सकोड जुन्या मॅकला चालत नाही. एक्सकोड २६ साठी मॅकवर सिक्वोया ही प्रणाली लागते. सेकंडहँड घेतलेला मॅक ती घेत नसेल, तर धंद्याचे हत्यारच गेले. अँड्रॉइड स्टुडिओ मात्र साध्या विंडोज संगणकावरही चालतो आणि फुकट मिळतो. आपल्या वस्त्यांतील बहुतेक मुले अँड्रॉइडकडे वळतात, त्याचे एक कारण हेही असावे.

पवईचा धडा

हा प्रश्न परदेशी कंपन्यांपुरता नाही. अंधेरी आणि घाटकोपर यांच्या मधोमध पवईची आयआयटी आहे. तेथून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांसाठी अँड्रॉइडवर आधारलेली एक प्रणाली उभी केली. आधी तिचे नाव फर्स्टटच होते, पुढे इंडस ओएस झाले. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ या फोनवर आली. मराठीत टाइप करणे, एका भाषेतला संदेश दुसरीत वाचणे, हे इंग्रजी न येणाऱ्या माणसाला सोपे करण्याचा तो प्रयत्न होता. पण मुळात आधार दुसऱ्याच्या प्रणालीचा. गूगलने अँड्रॉइडची नवी आवृत्ती काढली की ती आपल्या घडणीत बसविण्याचे काम आलेच. दुसऱ्याच्या पायावर मजला चढविणाऱ्याला पायाच्या मालकाच्या तारखा पाळाव्या लागतात.

प्रणाली मागे पडली. तिच्यासोबत वाढलेला अ‍ॅपचा बाजार टिकला. पुढे तो फोनपे या कंपनीने घेतला. त्या बाजाराने उद्घाटन कसे केले ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअरने आपले दार आधी फक्त अ‍ॅप बनविणाऱ्यांसाठी उघडले आणि पहिल्या वर्षी नोंदणीची फी माफ केली. गिऱ्हाइकांसाठी बाजार उघडला २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, मराठीसह १२ भारतीय भाषांत. म्हणजे दुकानदारांना गाळे लावायला पाच महिने आणि मग गिऱ्हाईक. आपल्याकडे रमजानच्या बाजारात स्टॉल लावणाराही पहिल्या रोज्याआधी बांबू ठोकतो, त्यातलाच हा प्रकार.

उलट उदाहरण जिओफोनचे. मुंबईत २१ जुलै २०१७ रोजी त्याची घोषणा झाली. त्यात अँड्रॉइड नव्हते, काय-ओएस ही वेगळी प्रणाली होती. व्हॉट्सअ‍ॅप त्या फोनवर आले १० सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे घोषणेनंतर जवळजवळ १४ महिन्यांनी. डिलिव्हरीच्या पोऱ्याला स्वस्त फोन घेऊन द्यावा आणि ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी, असा हिशेब ज्यांनी पहिल्या दिवशी मांडला, त्यांना वर्षभर थांबावे लागले. फोन घेताना तो कसा दिसतो हे आपण पाहतो. आपल्या कामाचे अ‍ॅप त्यावर आज चालते का, हे आधी पाहावे.

अ‍ॅपच्या पोटातला आकडा

आता पुन्हा घाटकोपरच्या प्रिंटरकडे येऊ. अँड्रॉइडच्या प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात एक आकडा लिहिलेला असतो. 'मी अमुक आवृत्तीच्या नियमांनी वागेन' असे ते अभिवचन असते. फोनमधली प्रणाली नवी झाली तरी पुष्कळ नवे नियम अ‍ॅपला लगेच लागू होत नाहीत. आकडा जुना असेल तर प्रणाली त्याला जुन्या रीतीने सांभाळून घेते. प्रोग्रामरने आकडा वाढविला की नवे नियम लागू. धोक्याचा दिवस तो असतो.

अँड्रॉइड १२ ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. त्यात नियम झाला की ब्लूटूथने जोडलेल्या वस्तूशी बोलायचे तर अ‍ॅपने मालकाची वेगळी परवानगी मागावी. नियम वाईट नाही. कोणते अ‍ॅप आजूबाजूच्या कोणत्या यंत्राशी बोलते, हे मालकाला कळावे. पण बिल छापणारा थर्मल प्रिंटर बहुधा ब्लूटूथवरच चालतो. आमच्या स्नेह्यांच्या अ‍ॅपचा आकडा १२ वर गेला, परवानगी मागणारी ओळ लिहायची राहिली, आणि अँड्रॉइड १२ च्या फोनवर छपाई बंद पडली. जोगेश्वरीच्या मुलाच्या जुन्या फोनवर ते दिसणारच नव्हते.

असे आणखी नियम आले आहेत. अँड्रॉइड ११ पासून अ‍ॅपला फोनमधल्या सगळ्या फायलींत मोकळा हात राहिला नाही. हिशेबाची नक्कल ठराविक कप्प्यात ठेवणाऱ्या जुन्या अ‍ॅपना मार्ग बदलावा लागला. अँड्रॉइड १३ (ऑगस्ट २०२२) पासून नव्याने घेतलेल्या अ‍ॅपला सूचना पाठविण्यापूर्वी परवानगी लागते. 'ईद सेल सुरू' हा संदेश गिऱ्हाइकाने होकार दिला तरच दिसतो. अँड्रॉइड १५ चा आकडा घेतलेले अ‍ॅप पडद्याच्या काठापर्यंत पसरते. मांडणी सुधारली नाही तर 'सेव्ह'चे बटण खालच्या पट्टीमागे दडते.

आकडा वाढवूच नये, असे कोणी म्हणेल. तो मार्ग बंद आहे. २०१८ पासून गूगल प्लेवर चढणाऱ्या अ‍ॅपना ठराविक नव्या आवृत्तीचा आकडा घ्यावा लागतो. अलीकडे ही मुदत ३१ ऑगस्टला संपत आली आहे. अर्ज केल्यास १ नोव्हेंबरपर्यंत वाढ मिळते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅपना व सुधारणांना अँड्रॉइड १५ चा आकडा लागतो. चढविलेले अ‍ॅप फार मागे राहिले, तर ज्यांनी ते आधीच घेतले आहे त्यांना मिळते, पण नवा फोन घेऊन येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला ते प्लेवर सापडत नाही. पाटी पुसली जाते आणि दुकानदाराला खबरही नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवून अ‍ॅप देण्याची युक्तीही पुरती कामाची नाही. अँड्रॉइड १४ पासून फार जुन्या आकड्याचे अ‍ॅप साध्या रीतीने फोनवर चढतच नाही. अ‍ॅपलचेही तसेच. २८ एप्रिल २०२६ पासून तिच्या दुकानात पाठविण्याचे अ‍ॅप एक्सकोड २६ वर बनविलेले असावे लागते.

व्यापाऱ्याने काय करावे?

आमच्या पाहण्यात आपले बांधव अ‍ॅपकडे पाटीसारखे बघतात. एकदा रंगवून घेतली, पैसे दिले, काम संपले. अ‍ॅप पाटी नव्हे, शिलाई मशिन आहे. त्याला दरवर्षी तेल लागते. म्हणून काही सूचना:

१) बनविण्याच्या रकमेबरोबर वार्षिक देखभालीची रक्कम आधीच ठरवावी. वर्षातून एकदा आकडा वाढविणे, नव्या फोनवर तपासणे आणि चूक निघाल्यास किती दिवसांत दुरुस्ती, हे कागदावर यावे.

२) गूगल प्ले आणि अ‍ॅपलची खाती दुकानाच्या नावाने उघडावीत. गूगलची नोंदणी एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलची दरवर्षी ९९ डॉलर. खाते मुलाच्या नावावर असेल आणि तो उद्या आखाती देशात नोकरीला गेला, तर अ‍ॅपची चावीही त्याच्याबरोबर जाते.

३) सीझनच्या पंधरा दिवस आधीपासून बिलिंगच्या अ‍ॅपची आपोआप होणारी सुधारणा बंद ठेवावी. प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर तीन टिंबांखाली ती सोय आहे. पैसे देण्याघेण्याच्या अ‍ॅपना आणि फोनच्या सुरक्षेच्या सुधारणांना मात्र थोपवू नये. चोराला दार उघडे ठेवल्यासारखे होईल.

४) गल्ल्यावर दोन फोन असल्यास दोन्ही एकाच दिवशी सुधारू नयेत. एक आधी सुधारावा, आठवडाभर बिले काढून पाहावीत, मग दुसरा.

५) नवे अ‍ॅप ईदसाठी हवे असेल तर ऑर्डर ईदच्या महिन्यात देऊ नये. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक गूगल खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस तपासून घ्यावे लागते. हे दिवस कोणी कमी करून देत नाही. आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. गेल्या वर्षीच्या तारखेवर हिशेब केला तर चुकेल.

६) कार्बनचे बिलबुक खणात असू द्यावे. त्याला कोणतीही नवी प्रणाली लागत नाही.

पहिली सूचना आम्ही मुद्दाम पहिली ठेवली. ओळखीतला मुलगा आहे, शेजाऱ्याचा पुतण्या आहे, त्याच्याशी कागद कसला करायचा, असा संकोच आपल्यात फार. पण देवाणघेवाण लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आली आहे, आणि व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये हेही तेथे सांगितले आहे. कागद अविश्वासाचा नसतो. तो दोघांनाही राखतो. 'एकदा पैसे दिले, आता जन्मभर फुकट कर' असे म्हणणाऱ्या शेठपासून तो मुलालाही वाचवतो. कारागिराच्या घामाची मजुरी वेळेवर देण्याचा जो हुकूम आपण शिंप्याला आणि सुताराला लागू मानतो, तो संगणकावर बसलेल्या कारागिराला का नको?

मुलांसाठी दोन शब्द

अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या वस्त्यांतून या कामात उतरणाऱ्या आमच्या तरुणांनाही सांगणे आहे. नव्या प्रणालीचा नमुना महिनो न् महिने आधी फुकट मिळतो. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये पडद्यावरचा नकली फोनही मिळतो, त्यावर पुष्कळ तपासणी होते. मात्र ब्लूटूथचा प्रिंटर, स्कॅनर, वजनकाटा यांची खात्री खऱ्या फोनवर आणि खऱ्या दुकानातच होते. एकट्याला दरवर्षी नवा फोन परवडत नसेल तर चार जणांनी मिळून एक घ्यावा आणि आळीपाळीने वापरावा. मुदतीच्या आदल्या आठवड्यात चढविलेले काम आणि चाँदरातीला शिवलेला कुर्ता, दोन्हींची शिवण कच्ची असते.

घाटकोपरचे आमचे स्नेही आणि जोगेश्वरीचा तो मुलगा यांचा व्यवहार तुटला नाही. त्या दिवाळीनंतर दोघांनी एका साध्या कागदावर आठ ओळी लिहिल्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आता दरवर्षी जुलैमध्ये, पावसाने गिऱ्हाईक कमी असते त्या दिवसांत, तो दुकानात येतो, दोन्ही फोनवर पंचवीस-तीस खोटी बिले काढून पाहतो, आणि आपले ठरलेले पैसे घेऊन जातो. तारखा दूर कॅलिफोर्नियात ठरतात, त्या आपण बदलू शकत नाही. जुलैची दुपार मात्र आपल्या हातात आहे.